थाळनेर: पाच दरवाजे आणि एक दिंडी

जळगावातल्या मेहरूणच्या माणसाला किल्ला पाहायचा असला की तो पारोळ्याला जातो, नाहीतर लळिंगला. पारोळ्याचा भुईकोट जळगाव-धुळे हमरस्त्यावरच्या गावात, झाशीच्या नेवाळकर घराण्याशी नाव जोडलेला, त्यामुळे शाळेच्या सहली तिकडे ठरलेल्या. लळिंग मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाता येता दिसतोच. थाळनेरला मात्र मुद्दाम वाट वाकडी करून जावे लागते, म्हणून ते राहून जाते. जे जातात त्यांतले बरेच लता मंगेशकरांचे आजोळ पाहायला जातात. माई मंगेशकर थाळनेरच्या लाड कुटुंबातल्या. गावात कोणालाही विचारा, आधी ती ओळख सांगतील, मग किल्ल्याचे बोलतील.

आणि तरी खानदेशाच्या इतिहासाची सुरुवातीची पाने या एका गावात आहेत. बुऱ्हाणपूर वसण्याआधी फारुकी सुलतानांचे ठाणे थाळनेर होते. १८१८ साली होळकरांचा खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा सगळ्यात जास्त रक्त सांडले तेही इथेच, एका दुपारी, एका दरवाज्याच्या आत.

जळगावहून विदगावच्या पुलावरून तापी ओलांडायची आणि धानोरा, अडावद, चोपडा असे पश्चिमेला निघायचे. दोन्ही अंगांना केळी. जानेवारीत निघालात तर पहाटेच्या गारठ्यात केळीच्या बागांवर धुके बसलेले असते, आणि उजव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ चोपड्यापर्यंत सोबत करते. चोपड्याच्या पुढे धुळे जिल्हा लागतो, केळी विरळ होतात, कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या दिसू लागतात. शिरपूरच्या रस्त्यावरून डावीकडे नदीच्या बाजूला वळले की थाळनेर. माझा पुतण्या गाडी चालवत होता आणि दर दहा मिनिटांनी विचारत होता, "काका, तिथं नक्की बघण्यासारखं काय उरलंय?"

हाच प्रश्न गावात शिरल्यावर पाराजवळच्या एका म्हाताऱ्या बाबांनी वेगळ्या सुरात विचारला. "किल्ला देखाले उनात का, भाऊ? आते काय शे तठे!" पण एवढे बोलून ते उठले, चपला घातल्या आणि आमच्या पुढे चालू लागले. त्यांच्या लहानपणी तटाची भिंत कुठपर्यंत होती आणि पुरात कुठला भाग गेला, हे ते हाताने दाखवत होते. अहिराणीत त्यांनी सांगितलेले सगळे पुतण्याला कळले नाही. मला कळले.

किल्ला तापीच्या उत्तर काठावर आहे. दुरून पाहिले तर तो किल्ला वाटतच नाही, मातीचे एक मोठे टेकाड वाटते. जवळ गेल्यावर तटाचे तुकडे, बुरुजाचा गोल, भिंतीतली वीट आणि दगड वेगळे दिसू लागतात. एक बाजू सरळ नदीतून वर चढलेली. उरलेल्या तिन्ही बाजूंना रुंद, खोल घळ. जुन्या इंग्रजी वर्णनांत तिची रुंदी १०० ते १५० यार्ड दिली आहे आणि घळीच्या तळापासून तटाची उंची सुमारे ६० फूट. भोवतालची जमीन नदीकडे उतरणाऱ्या नाल्यांनी चिरलेली आहे. तापीच्या काठची ही गाळाची माती पावसाळ्यात इतकी कापली जाते की निसर्गानेच खंदक खणून ठेवलेत असे वाटावे. कोणा किल्लेदाराला निराळा खंदक काढायची गरज पडली नाही.

या किल्ल्याचे खरे वैशिष्ट्य वर चढल्यावर समजते. आतली जमीन तटाच्या माथ्याशी जवळजवळ सपाट आहे. वाड्याचे जोते बाहेरून दगडात बांधून आतून मातीने भरतात, तसा हा सगळा किल्ला आहे. म्हणजे तोफ डागून भिंत पाडली तरी मागे पोकळी नाही, मातीचा डोंगर आहे. गोळा त्यात रुतून बसणार. शत्रूला खिंडार पाडून आत घुसण्याची सोय नाही. आत जायला वाट एकच, पूर्वेकडून.

बांधणाऱ्यांनी सगळी अक्कल त्या एका वाटेवर खर्च केली. एकापाठोपाठ पाच दरवाजे, सरळ रेषेत कुठेही नाहीत. एक दरवाजा ओलांडला की भिंतींच्या बोळात वळायचे, थोडे चढायचे, मग पुढचा दरवाजा. काही ठिकाणी उतार, काही ठिकाणी पायऱ्या. प्रत्येक बोळाच्या भिंती आधीच्यापेक्षा थोड्या उंच, होता होता मुख्य तटाला भिडणाऱ्या. आत आलेला माणूस प्रत्येक वळणावर वरच्या लोकांच्या बंदुकीखाली. आज ही रचना डोळ्यांनी पाहण्यापेक्षा मनात जुळवावी लागते. दगड गेले, भराव खचला, वेड्या बाभळीने बोळ बुजवले. पण बाबांनी पूर्वेच्या उतारावर उभे करून दोन वळणे दाखवली, आणि मग तिसरे कुठे असणार हे आपोआप लक्षात आले. पायात बूट असू द्या. काटे चपलेतून वर येतात.

असा एकच चिंचोळा प्रवेश आणि पाठीशी पाणी, हे पाहिल्यावर मला स्कॉटलंडचा थ्रीव्ह आठवला. मुलगी ग्लासगोला असताना तिने तो दाखवला होता. दक्षिणेला गॅलोवे प्रांतात कॅसल डग्लस नावाचे गाव आहे, त्याच्याजवळ डी नदीच्या बेटावर हा मनोरा एकटा उभा आहे. गाडी शेतापाशी लावायची, कुरणांतून चालत काठावर यायचे आणि तिथली पितळी घंटा वाजवायची. पलीकडून नावाडी छोटी होडी घेऊन येतो. स्कॉटलंडमध्ये अशा मनोऱ्यांना तोटा नाही. सरदाराने उभे, जाड भिंतींचे घर बांधायचे. तळाला कोठार, विहीर आणि कैदखाना, त्यावर स्वयंपाकघर, त्यावर दिवाणखाना, सगळ्यात वर झोपायच्या खोल्या. घर आणि किल्ला एकच. थ्रीव्हचा मनोरा पाच मजली आहे. आज छप्पर नाही, वरून आभाळ दिसते, आणि मूळ दरवाजा जमिनीपासून इतका उंच की लाकडी जिन्यानेच आत जावे लागते. वेळ आली की जिना काढून घ्यायचा.

तो मनोरा बांधणारा आर्चिबाल्ड डग्लस १३६९ मध्ये गॅलोवेचा धनी झाला. त्याच्या उग्र चेहऱ्यावरून आणि स्वभावावरून लोकांनी त्याला ठेवलेले टोपणनाव अजून चालू आहे. आणि १३७० साली दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा नावाच्या आपल्या सरदाराला थाळनेर आणि करवंद या दोन जागा जहागीर म्हणून दिल्या. करवंद आजही शिरपूर तालुक्यात आहे. आर्चिबाल्ड थ्रीव्हलाच १४०० च्या डिसेंबरात वारला, मलिक राजा १३९९ मध्ये थाळनेरला. दोघांनीही नदीच्या पाण्याला तटाचे काम दिले, आणि दोघांच्याही वंशजांना वाटू लागले की आपण वरच्या राजाचे चाकर नाही, स्वतःच राजे आहोत. एवढे जुळते म्हणून कोणी त्यांत नाते शोधू नये. सरहद्दीवर ठेवलेला सरदार आणि लांब बसलेला राजा असले की असे घडतेच.

मलिक राजाला जहागीर कशी मिळाली, याची इतिहासकार फिरिश्ताने सांगितलेली हकिकत मजेदार आहे. सुलतान शिकारीच्या नादात लष्करापासून लांब गेला, भुकेने व्याकूळ झाला, तेव्हा एका साध्या स्वाराने आपल्याजवळचे अन्न त्याला दिले. तोच मलिक राजा. पुढे त्याने बागलाणच्या राजाला खंडणी द्यायला लावली, माळव्याच्या दिलावरखान घोरीशी दुहेरी सोयरीक केली आणि आपण खलिफा उमर फारूकच्या वंशातले आहोत असे सांगितले. म्हणून घराणे फारुकी. हकिकत कितपत खरी, ते सोडून देऊ. मला त्यातला दुसराच धागा जास्त आवडतो. फिरिश्ताचा फारसी इतिहास इंग्रजीत आणला जॉन ब्रिग्जने, १८२९ मध्ये. हा ब्रिग्ज म्हणजे १८१८ नंतर खानदेशात आलेला पहिला इंग्रज अधिकारी, ज्याने धुळे हे मुख्य ठिकाण केले. थाळनेरच्या पहिल्या धन्याची गोष्ट जगाला इंग्रजीतून सांगणारा माणूस थाळनेर पडल्यावर या मुलखाचा कारभार पाहायला आला होता.

मलिक राजाने मरताना राज्य दोन मुलांत वाटले. धाकट्या इफ्तिकारला थाळनेर, थोरल्या नसीरला उरलेला मुलूख. नसीरने आशा अहिराकडून असीरगड कपटाने घेतला, तापीच्या काठी बुऱ्हाणपूर वसवले, आणि १४१७ मध्ये माळव्याची मदत घेऊन धाकट्या भावाकडून थाळनेरही काढून घेतले. थाळनेरचे राजधानीपण तिथेच संपले. पण फारुकींची माती मात्र अजून बराच काळ इथेच येत राहिली, ते पुढे सांगतो.

आधी १८१८.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरला तह झाला. गादीवर मल्हारराव होळकर, वय अकरा-बारा. तहाप्रमाणे सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख, म्हणजे त्यांच्याकडचा खानदेश, कंपनीकडे गेला. मद्रासचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन सेंधव्याच्या घाटाने खाली उतरला. सेंधव्याचा किल्ला विनातक्रार ताब्यात मिळाला. २७ फेब्रुवारीला फौज थाळनेरपाशी आली तेव्हा किल्ल्यातून तिच्यावर गोळ्या आल्या.

किल्लेदार होता तुळशीराम मामा, आत बरीचशी अरब शिबंदी. हिस्लॉपने निरोप धाडला की हा किल्ला तहात आम्हाला मिळालेला आहे, लढलात तर बंडखोर समजून वागवू. उत्तर आले नाही. हिस्लॉपजवळ तट फोडायच्या मोठ्या तोफा नव्हत्या. सहा पौंडी हलक्या तोफा आणि दोन हॉवित्झर, एवढेच. किल्ल्याची ती मातीने भरलेली रचना डोळ्यासमोर आणा. हलक्या तोफांनी तिचे काय होणार? तेव्हा उरले दरवाजे. त्यांच्यावर मारा करून रॉयल स्कॉट्स आणि मद्रास युरोपियन पलटणींच्या निवडक तुकड्या पुढे सोडल्या.

रॉयल स्कॉट्स ही १६३३ मध्ये उभी राहिलेली स्कॉटलंडची पलटण, २००६ पर्यंत ब्रिटिश पायदळातली सगळ्यात जुनी. त्यांचे संग्रहालय एडिंबराच्या किल्ल्यात आहे. थ्रीव्हसारख्या बेटावरच्या मनोऱ्यांच्या देशातली पोरे तापीकाठच्या पाच वळणांच्या दरवाज्यापाशी उभी होती, ही गोष्ट मला तिथे उभे राहिल्यावर जाणवली, पुस्तकात नव्हे.

पुढचा प्रकार असा. पहिले दोन दरवाजे सहज पार झाले. तिसऱ्यापाशी किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि शरण आला. त्याला ताब्यात घेतले. चौथा दरवाजा उघडाच होता. पाचवा बंद. आतले अरब बोलणी करत होते; कशावर, हे बाहेरच्यांना नीट उमगले नाही. थोड्या वेळाने आतून दिंडी उघडली. मरे, मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर हे अधिकारी आणि मोजके शिपाई त्या दिंडीतून वाकून आत गेले. आत जाताच त्यांच्यावर तलवारी आणि जंबिये चालले. गॉर्डन आणि मॅकग्रेगर जागच्या जागी मेले. मरेला अनेक जखमा झाल्या, पण बाहेरच्यांनी त्याला दिंडीतून ओढून काढले. मग बाहेरून दिंडीत गोळ्या घालून वाट मोकळी केली, दरवाजा फोडला आणि किल्ल्यात सापडलेल्या माणसांची कत्तल झाली. मेलेल्यांचा आकडा अडीचशे-तीनशेच्या घरात सांगतात. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला फाशी दिले.

दिंडी म्हणजे मोठ्या दरवाज्याच्या फळीतले छोटे दार, एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढे. वाकून आत डोके घालणाऱ्या माणसाला पुढे काय आहे ते दिसत नाही, आणि आतल्याला मात्र त्याची मान दिसते. किल्ल्याच्या बांधणीत दिंडी असते ती याचसाठी. पाच दरवाज्यांची ती सगळी मेहनत त्या दिवशी कामाला आली नाही, शेवटचे छोटे दार तेवढे आले, आणि तेही किल्लेदार शरण गेल्यावर.

पुतण्याचे मत पडले की हा सरळ दगा होता. मला तसे वाटत नाही. धनी बाहेर पकडलेला, त्याने काय कबूल केले हे आत कोणाला ठाऊक नाही, पगार आणि जीव वाचेल की नाही याची हमी नाही, आणि दारातून अचानक हत्यारबंद लोक शिरतात. घाबरलेल्या माणसांनी वार केले असतील. आणि किल्लेदाराचा तर त्या दिंडीशी संबंधच नव्हता. तो आधीच कैदेत होता. त्याचा गुन्हा एवढाच की लांब मंदसोरला झालेल्या तहाचा कागद त्याने लगेच मानला नाही. फौजेतल्या दोन अधिकाऱ्यांच्या मरणाचा राग त्याच्यावर निघाला, असे माझे मत आहे.

हे मत काही आजच्या माणसाचे नाही. मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिस्लॉप आणि फौजेचे आभार मानण्याचा ठराव आला तेव्हा थाळनेरच्या फाशीवर सदस्यांनी सरळ प्रश्न विचारले. आभार मानले गेले, पण त्या फाशीला सभागृहाची संमती धरू नये, अशी पुस्ती जोडूनच. रॉयल स्कॉट्सच्या निशाणावर मिरवायच्या लढायांत महिदपूर आहे, नागपूर आहे. थाळनेर नाही.

थाळनेरच्या या प्रकाराचा खानदेशावर परिणाम काय झाला? थाळनेरची दहशत बसून बाकीचे किल्ले लवकर खाली झाले, असे हिस्लॉपच्या बाजूचे म्हणत. पण मालेगावात अरबांनी मे-जूनमध्ये जवळजवळ महिनाभर किल्ला लढवला आणि इंग्रजांना चांगलेच दमवले. थाळनेरची खबर त्यांनाही होतीच.

स्कॉटलंडच्या थ्रीव्हचा शेवट थाळनेरच्या अगदी उलटा आहे. १४५५ मध्ये राजा दुसरा जेम्स डग्लसांचे घराणे मोडायला निघाला आणि त्याने थ्रीव्हला वेढा घातला. मोठमोठ्या तोफा आणल्या, स्वतः जाऊन पाहिले, दोन महिन्यांवर वेढा चालला. शेवटी किल्ला पडला तो आतल्यांना पैसे आणि जमिनी देऊन. राजाच्या हिशेबात तो खर्च नोंदलेला आहे. तिकडची माणसे मॉन्स मेग नावाची अवाढव्य तोफ थ्रीव्हवर डागली म्हणून सांगतात. पण ती तोफ स्कॉटलंडात आली १४५७ ला, वेढ्यानंतर दोन वर्षांनी. आणि तोफांचा हौशी हाच जेम्स १४६० मध्ये रॉक्सबर्गला स्वतःचीच तोफ फुटून मेला.

किल्ल्यावरून उतरलात की हजिरे पाहिल्याशिवाय परतू नका. गावाच्या एका अंगाला फारुकींच्या कबरींचे घुमट आहेत. मलिक राजा इथेच आहे, नसीरखान इथेच आहे. बुऱ्हाणपूर वसवून राजधानी तिकडे नेलेल्या माणसाला पुरायला परत थाळनेरला आणले. त्याच्यानंतरचे आदिलखान आणि मुबारकखान हेही इथेच. बहुतेक इमारती चौकोनी, साध्या. त्यांत एक अष्टकोनी आहे, आणि तिच्यापाशी थांबायचे. आठही बाजूंवर कमानींचे कोरीव पट्टे, कोनाड्यांच्या कडेने बारीक नक्षी, काही ठिकाणी पाऊस-वाऱ्याने पुसट झालेली, सावलीच्या बाजूला मात्र अजून धारदार. सकाळच्या तिरप्या उन्हात ती नक्षी उठून दिसते. दुपारी बारानंतर गेलात तर सपाट वाटेल. मांडू आणि बुऱ्हाणपूर पाहिलेल्याला ही कला लहान वाटेल.

बाबांनी आम्हाला घरी नेले. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, वर कच्चा कांदा. त्यांच्या मते किल्ल्याची खरी हानी इंग्रजांनी केली नाही. तटाची वीट आणि दगड घरांना लागले, आणि उरलेले पुराने नेले. थाळनेरला यायचे असेल तर दिवाळीनंतर ते होळीच्या आधी या, असेही त्यांनी बजावले. उन्हाळ्यात टेकाडावर सावलीला झाड नाही आणि पावसाळ्यात घळीत पाय ठेवायला जागा नाही. पाणी बरोबर घ्या. शिरपूरहून गाड्या मिळतात.

हातात वेळ असला तर शिरपूरहून आग्रा रस्त्याने उत्तरेला जा. हिस्लॉप ज्या वाटेने उतरला तिच्याच उलट्या दिशेने घाट चढून तासाभरात सेंधवा येते, मध्य प्रदेशात. न लढता दरवाजे उघडून दिलेला तो किल्ला रस्त्याच्या कडेला आहे. तट चारही बाजूंनी उभा आहे.